माझ्यासाठी रडलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. काचेच्या कपाटातून बोलते आहे, म्हणून आवाज जरा दबका वाटेल. पण मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म छापखान्यात झाला. शाईचा वास, यंत्राची धडधड आणि अंगावर निळ्या कापडाचा पुठ्ठा, एवढंच बालपण आठवतं. माझ्या पोटात एका युद्धाची गोष्ट आहे. बंदूकवाले शाळेतून मुलांना पळवून नेतात आणि त्यांना सैनिक बनवतात. त्यातला दहा वर्षांचा एक मुलगा शेवटी निसटून घरी येतो आणि त्याची आई त्याला पोटाशी धरते. तिथे भलेभले वाचक विरघळतात.

वाचनालयात आले आणि माझं नशीबच उघडलं. मी हातोहात फिरू लागले. ग्रंथपालबाई सगळ्यांना बजावायच्या, "लवकर परत आणा हं, रांग लागलीय!" शनिवारी वाचनमंडळ जमायचं. दातांच्या डॉक्टरीणबाई मोठ्याने वाचायच्या आणि बाकीचे नाक पुसायचे. "अशी मुलं मला भेटली ना, तर मी घरी घेऊन जाईन," असं ग्रंथपालबाई म्हणायच्या. ते अश्रू खोटे नव्हते, मित्रांनो. खोटे असते तर मला एवढं लागलं नसतं.

इतक्या हाताळणीने माझी पाठ उसवली. बाईंनी मला खालच्या मजल्यावर टेलरमास्तरांकडे दिलं. "मास्तर, जाड दोऱ्याने चार टाके घाला हो." मास्तर वाचनालयाच्याच इमारतीत, वाचनालयाने भाड्याने दिलेल्या एका खोलीत पडदे आणि गणवेश शिवायचे. शाळा सुटल्यावर मुलांना शिवण शिकवायचे. "जीभ बाहेर काढल्याशिवाय दोरा सुईत जातच नाही," असं सांगून स्वतःच जीभ काढून दाखवायचे. पोरं हसून हसून लोळायची.

टाके घातल्यावर त्यांनी मला सहज उघडलं आणि शिवणयंत्र थांबलं. एक गिऱ्हाईक पडद्यांसाठी येऊन ओरडून गेलं, तरी त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला संपवलं. रडले मात्र नाहीत. नुसते माझ्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसून राहिले.

शनिवारी मला घेऊन ते स्वतः वर आले. बाई म्हणाल्या, "अरे वा, मास्तर! बसा ना. वाचलंत?"

"वाचलं. जरा बोलू का? तुम्ही इथे रडता ते खाली ऐकू येतं. म्हणून वाटलं, इथे सांगितलं तर चालेल." मास्तरांनी घसा साफ केला. "मी त्यातलाच एक. मलाही शाळेतूनच नेलं होतं."

"अगंबाई!" डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. "म्हणजे या मुलासारखेच तुम्ही!"

"नाही हो. या मुलाने गोळी नाही झाडली. मी झाडली. अकरा वर्षांचा होतो. नाही झाडलीस तर तुझ्या भावाला मारू म्हणाले."

"पण... कुणाला लागली नसेल ना?"

"लागली."

कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला. मग ग्रंथपालबाई घाईघाईने म्हणाल्या, "चला, उशीर झाला, नाही का?" उशीर कसला! बाहेर लख्ख ऊन होतं.

त्या क्षणी मला माझ्या लेखकाचाही संताप आला. त्याने त्या मुलाच्या हातात बंदूक दिली, पण चाप काही ओढू दिला नाही. का, तर वाचकाला त्याला पोटाशी धरायला जड जाऊ नये म्हणून. मीही भोळी. मला वाटायचं, मी माणसांना माया शिकवते आहे.

पुढच्या आठवड्यात शिवणाच्या वर्गाला एकही मूल आलं नाही. एक आई जिन्यात दुसरीला म्हणत होती, "तसे चांगले आहेत गं मास्तर. पण मुलांच्या हातात कात्री असते ना तिथे!" मग बाई खाली गेल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि जिन्यावरून सगळं वर ऐकू आलं.

"माझं काही नाही हो, मास्तर. पण लोकांचं कसं असतं... खोली या महिन्यात रिकामी केलीत तर बरं. तुम्ही समजून घ्याल."

"समजून घ्यायचं कामसुद्धा माझ्याकडेच आलं म्हणायचं," मास्तर म्हणाले. भांडले नाहीत. हातगाडीवर यंत्र चढवलं आणि गेले.

आणि माझं काय झालं? माझा सत्कार झाला! वाचनमंडळाने मला सर्वांत आवडतं पुस्तक ठरवलं. पाहुण्यांनी भाषण ठोकलं, "अशा मुलांना समाजाने जवळ घेतलं पाहिजे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई रडल्या. खाली मास्तरांच्या खोलीला कुलूप होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जे माझ्या पानांवर ढसाढसा रडले, त्यांनीच मास्तरांना घालवलं. मला उचलून जोराने फेकलं असतं, तरी एवढं दुखलं नसतं.

झाडलोट करणाऱ्या मावशी काच पुसताना बडबडतात, तेव्हा मला बातम्या कळतात. मास्तर आता पुलापलीकडे, भंगारवाल्याच्या शेजारी बसतात. ती गोळीची गोष्ट तिथेही त्यांच्या आधीच जाऊन पोचली. मावशी सोडून कुणी शिवायला टाकत नाही.

मित्रांनो, पुस्तकं जपा, असं शेवटी सांगायची आमच्याकडे रीत आहे. मी नाही सांगणार. माझी पानं दुमडा, वाटेल तिथे रेघोट्या ओढा, चहा सांडा. फक्त माझ्यासाठी रडू नका. नवा सदरा शिवायचा असेल, तर मला मिटून पुलापलीकडे जा. मास्तरांना काही विचारू नका. ते तुमचं माप घेतील. खांद्याचं घेतील, हाताचं घेतील. मग गळ्याचं घ्यायला टेप पुढे करतील, तेव्हा तेवढं मागे सरू नका.