न उडालेलं हेलिकॉप्टर

नरहरीला भरे गावात सगळे मेजर म्हणत. हवाई दलात तो साधा सार्जंट होता, पण फौजेतून आलेला माणूस गावाच्या लेखी मेजरच असतो. तिथं वाद घालण्यात अर्थ नाही. वीस वर्षं हेलिकॉप्टरं तपासून तो निवृत्त झाला. बायको गेल्यावर परभणीचं घर त्याला खायला उठलं, म्हणून पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरी धरून तो हैबतरावांच्या चाळीत एका खोलीत राहू लागला. पाच वर्षांत त्याने माणूस जोडला एकच, तोही घरमालक.

दोघांची गाठ पडायची विश्रामच्या सोड्याच्या दुकानात, रोज संध्याकाळी सहाला. हैबतराव ऑरेंज घेत आणि त्यात चिमूटभर मीठ टाकत. फेस उसळून धोतरावर सांडे, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मेजर घेई साधा सोडा. ते नुसतं रागावलेलं पाणी आहे, असं हैबतराव म्हणत आणि मेजर त्यांच्या ऑरेंजला पोरांचं खोकल्याचं औषध म्हणे. एवढ्याशा थट्टेवर मेजरचा दिवस निघे. रविवारी तर सहा वाजेपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर पडलेला नसे.

२००९च्या मे महिन्यात हैबतरावांच्या आरोहीचं लग्न झालं. रस्त्याकडेची जमीन नुकतीच विकलेली, आणि हौसेला मोल नसतं. लेकीची पाठवणी हेलिकॉप्टरने करायची, असं त्यांनी ठरवलं. ते बघायला रिह्यापासून कासार आंबोलीपर्यंतची माणसं शेतात लोटली. हैबतरावांनी मेजरला सगळ्यांसमोर पुढं घातलं आणि मशीनवर एकदा नजर टाकायला सांगितलं. त्यांना तपासणी नको होती. आपला माणूस यातला जाणकार आहे, हे व्याह्यांना दिसायला हवं होतं.

मेजरला दिखाऊ तपासणी येत नव्हती. पायलटला विचारून त्याने शेपटीवरच्या लहान पंख्याचं पातं हातात धरलं आणि हलवलं. ते जरा जास्तच हललं. तिथला एक सांधा झिजला होता. थोडा सैलपणा चालतो, पण किती आहे ते मोजावं लागतं. एवढं चालतं, असं पायलट म्हणाला. शेवटचं कधी मोजलं, असं मेजरने विचारल्यावर ते इंजिनियरला माहीत, असं त्याने सांगितलं. मोजायचं साधनही बरोबर नव्हतं.

मेजरने हैबतरावांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पोरीला यात बसवू नका."

हैबतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या गर्दीकडे पाहिलं, आणि हेलिकॉप्टरकडे निघालेल्या आरोहीला मागे फिरवलं. शालू सावरत ती व्याह्यांच्या सुमोत बसली. मागून शिट्ट्या वाजल्या. हेलिकॉप्टर फोटो काढण्यापुरतंच आणलं होतं का, असं व्याही हसत हसत म्हणाले आणि हैबतरावांना ते हसणं जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरवाल्यांचा इंजिनियर आला. त्याने काहीतरी उघडलं, काहीतरी बदललं, कोणाला काही सांगितलं नाही. दुपारी तेच हेलिकॉप्टर धुरळा उडवत सगळ्या गावादेखत निघून गेलं. उडतंय की, असं लोक म्हणाले.

हैबतराव दुकानात यायचे बंद झाले. चाळीत समोर आले तरी मान वळवून जात. मेजर मात्र रोज सहाला जाई आणि सातपर्यंत उभा राही. कारखान्यात दोनशे माणसं होती, पण त्याला थट्टेचं म्हणून दुसरं कोणी नव्हतं. बायको गेली तेव्हा त्याने मन आवरलं होतं. आता ते आवरेना.

अडीच महिन्यांनी हैबतराव आले. ऑरेंज घेऊन जवळ उभे राहिले.

"मेजर, एक इचारतो. गाव मला येडा म्हनतंय. त्ये पडलंच असतं न्हवं?"

काय उत्तर हवं होतं ते मेजरला लख्ख कळलं. एक 'हो' म्हटलं की हैबतराव लेकीचा जीव वाचवणारे बाप ठरणार होते, आणि संध्याकाळचे सहा पुन्हा पहिल्यासारखे वाजणार होते. झिजलेला भाग केव्हाच गेला होता. खोटं पकडणारं जगात कोणी नव्हतं. त्याने तोंडही उघडलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "कदाचित काही झालंही नसतं. पण मला मुलगी असती, तर मी तिला बसवलं नसतं."

हैबतरावांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"येवढं व्हय म्हनायला तुमचं काय जात हुतं?"

अर्धी बाटली फळीवर ठेवून ते चालू लागले. आपलं काहीच जात नव्हतं आणि सगळंच गेलं, हे मेजरला त्यांच्या पाठीकडे बघताना कळत होतं. त्यांना हाक मारावी असं त्याला फार वाटलं. पण हाक मारून सांगायला त्याच्याकडे 'माहीत नाही' याखेरीज दुसरं काहीच नव्हतं.