धबधब्यांच्या वाटेवरची जीप

मित्रांनो, कल्याणात पारनाक्याजवळच्या एका अंगणात फाटक्या ताडपत्रीखाली जी जुनी जीप उभी दिसते, ती मी. माझ्या चारही चाकांतली हवा गेली आहे. पुढच्या काचेवर शेवाळ चढलं आहे. येणारेजाणारे मला भंगार म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. पण मी नेहमी अशी नव्हते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. महायुद्ध चालू होतं, घडवणाऱ्यांना घाई होती. दारं नाहीत, गाद्या जेमतेम, अंगावर मळकट हिरवा रंग. बोटीतून मुंबईच्या बंदरात उतरले आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. मी लढाईवर जाण्याआधीच लढाई संपली. माझ्यासारख्या कितीतरी जीपा उन्हात रांगेने उभ्या राहिल्या. शेवटी १९४७ साली लिलाव झाला आणि भाऊ टिपणीसांनी मला घरी आणलं.

भाऊंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नामुंजीचे फोटो काढून ते पोट भरत, पण त्यांचा जीव होता डोंगरात. श्रावण-भाद्रपदातल्या शनिवारी ते स्टुडिओ लवकर बंद करत. सुमतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुढे बसत. मागे तंबू, स्टोव्ह, शिधा आणि कॅमेऱ्याची पेटी. पडघा, शहापूर, खर्डी मागे टाकत आम्ही कसाऱ्याला पोहोचलो की घाट सुरू व्हायचा. एका वळणावर धबधबा थेट रस्त्यावर कोसळायचा. भाऊ मला मुद्दाम त्याच्या खालून न्यायचे. कापडी छतातून पाणी गळायचं. सुमतीबाई ओरडायच्या आणि लगेच हसायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

घाट चढून वर गेलं की एक कच्ची वाट आत डोंगरात वळते. पहिल्याच वर्षी त्या वाटेवर माझी चाकं चिखलात रुतली. तेव्हा जवळच्या वाडीतून एक उंच, सडपातळ माणूस बैलजोडी घेऊन आला आणि त्याने मला ओढून काढलं. त्याचं नाव काळुराम. त्या दिवसापासून भाऊंची प्रत्येक फेरी त्याच्या सोबतीने व्हायची. कुठल्या पायवाटेने कोणत्या धबधब्यापाशी जाता येतं, कुठला ओढा अचानक फुगतो, मुक्कामाला कोणती जागा कोरडी, हे सगळं त्याला माहीत. वाट दाखवायला तो माझ्या बॉनेटवर बसायचा. सुमतीबाई त्याच्या बायकोसाठी, मालनसाठी, आणि पुढे झालेल्या तान्ह्या मुलीसाठी काही ना काही बांधून आणायच्या.

अशी सहा वर्षं गेली. १९५३ च्या भाद्रपदात निघण्याआधी गोविंदा मिस्त्रीने मला तपासलं. इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या रबरी नळीतून खेळतं, ती त्याने बोटाने दाबून पाहिली.

"भाऊसाहेब, नळी फुगलीय. दोन दिवस गाडी ठेवा माझ्याकडे. नवी आणून बसवतो."

"दोन दिवस? अरे, पाऊस ओसरत चाललाय. पुढच्या आठवड्यात धबधब्यांना पाणी राहणार नाही. आल्यावर बदलू."

गोविंदाने मान हलवली आणि बॉनेट लावलं. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

त्या फेरीला सुमतीबाईंचा भाऊ आनंदही बरोबर होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, भाऊंना एक नवी जागा सापडली. समोर तीन धबधबे एका ओळीत दिसत होते. "तंबू इथेच लावू. तंबू पुढे, धबधबे मागे, असा फोटो होईल," ते म्हणाले.

काळुरामने आजूबाजूला पाहिलं. "हितं नको, भाऊ. गवात लई माजलंय. त्या अंगाला वारूळ बी हाय."

"अरे, तासाभराचा तर प्रश्न. फोटो झाला की उठवू."

"मग थांबा. तुमी नका येऊ आत. मी गवात साफ करून देतो."

कोयता घेऊन तो गवतात शिरला. मी वीस पावलांवर उभी होते. तो एकदम मागे सरला आणि खाली बसला. नाग त्याच्या पोटरीला डसून वारुळाकडे गेला होता.

आनंदने रुमालाने पाय आवळला. तंबू, स्टोव्ह, सगळं तिथेच टाकून त्यांनी काळुरामला मागच्या बाकावर निजवलं. सुमतीबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कल्याणच्या डॉक्टरांकडे सापाच्या विषावरची लस असते हे भाऊंना ठाऊक होतं. ते मला जेवढं पळवता येईल तेवढं पळवू लागले.

पण त्या कच्च्या वाटेला मोठा चढ होता, आणि चिखल. मी जीव खाऊन चढत होते. अर्ध्या चढावर माझ्या पोटात फट् असा आवाज झाला. नळी फुटली. वाफेचा लोट उठला आणि मी बंद पडले.

मित्रांनो, त्या वेळी चारही बाजूंच्या कड्यांवरून पाणी कोसळत होतं. रस्त्याच्या कडेने पाणी, माझ्या चाकांखालून पाणी. आणि माझ्या आत मात्र एक तांब्याभर पाणी ठरत नव्हतं. सुमतीबाईंनी लुगड्याचा पदर फाडून दिला. भाऊंनी तो नळीवर करकचून गुंडाळला. आनंद पातेल्याने पाणी आणून ओतत होता. मी कशीबशी सुरू झाले, शंभर पावलं गेले आणि पुन्हा तापले. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दीड तास तिथेच गेला. कसेबसे घाट उतरून कसाऱ्याला आल्यावर भाऊ स्टेशनात धावत जाऊन आले. कल्याणची पुढची आगगाडी दोन तासांनी होती. आम्ही तसेच निघालो.

काळुरामच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. जीभ जड झाली होती. तो म्हणाला, "बाय, मालनला सांगा... म्हशीला पानी पाजायचं ऱ्हायलंय."

"तूच सांग. संध्याकाळी घरी जाशील ना," सुमतीबाई म्हणाल्या.

खर्डी ओलांडली आणि त्यांनी काळुरामच्या छातीवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "अहो, गाडी हळू चालवा आता. घाई नको."

भाऊंना कळलं. त्यांनी मला रस्त्याच्या कडेला थांबवलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

आठवड्याने गोविंदाने नवी नळी बसवली. तेराव्यानंतर भाऊ मला घेऊन वाडीवर गेले. पेटी भरून फोटो नेले होते. मालनने मागितलं होतं, "पोरगी दोन वर्सांची हाय. तिला बाप कसा होता, ते दाखवाया एक फोटू द्या."

भाऊंनी माझ्या बॉनेटवर फोटो एकेक करून मांडले. मालन वाकून पाहत होती.

"ह्यो पान्याजवळ हुबा हाय, त्योच का?"

"हो."

"यात त्याचं तोंड कुठं हाय?"

भाऊ म्हणाले, "धबधबा केवढा उंच आहे ते कळावं, म्हणून मी त्याला तिथे..." सहा वर्षांतल्या एवढ्या फोटोंत काळुराम कुठे करंगळीएवढा, कुठे कडेला अर्धवट, कुठे पाठमोरा. तोंड एकातही नव्हतं.

मालनने त्यातला एक उचलला. "ह्यो द्या. यात पाठ तरी दिसते."

ती माझी शेवटची फेरी. परत आल्यावर भाऊंनी मला अंगणात लावलं, ते पुन्हा माझ्यात बसले नाहीत. स्टुडिओतले धबधब्यांचे फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवले. पुढच्या वर्षापासून ते आगगाडीने आणि मग पायी त्या वाडीवर जाऊ लागले. तिथल्या प्रत्येक माणसाला, म्हाताऱ्यांपासून बाळांपर्यंत, समोर बसवून ते फोटो काढतात आणि घरोघर नेऊन देतात. सुमतीबाई म्हणतात, यांना आता डोंगर दिसतच नाही.

मी मात्र इथेच गंजले. भाऊंना राग माझा नाही हे मला माहीत आहे, पण माझ्याकडे त्यांना पाहवत नाही. पाचसहा वर्षं अशी गेली. आता भंगारवाल्याशी बोलणं झालं आहे. सोमवारी तो मला न्यायला येईल.

म्हणून जाण्याआधी एवढंच सांगते. मित्रांनो, मोठे झालात की गाड्या घेऊन डोंगरात जरूर जा. पण यंत्राने दुखणं सांगितलं तर ते उद्यावर टाकू नका. आणि तिथल्या माणसाने नको म्हटलं तर त्याचं ऐका. तुम्हांला वाट दाखवणाऱ्याचीही घरी कोणीतरी वाट पाहत असतं.