पहिलं ताट

अंबाबाई गॅलरीत आली आणि शेजारच्या खोलीतलं गाणं पटकन थांबलं. आजही थांबलं.

"बघितलंस ना?" ती नळावर कळशी लावून उभ्या असलेल्या समीक्षाला म्हणाली. "मला बघितलं की गप. माझंच कायतरी शिजतंय आत."

"तसं नसंल ओ काकू. पण काल ती फिलोमिना मला विचारत होती. काका कधी गेले, काकू एकट्याच राहतात का, असं."

अंबाबाईचे यजमान हिरामण श्रावणात गेले. आता मोहोपाड्याच्या चाळीतली ही एक खोली, एवढंच तिचं उरलं होतं. शेजारी दिवाळीनंतर राहायला आलेली फिलोमिना, तिचा कंपनीत जाणारा नवरा, पोरं आणि बेटावरून आलेली सासू, सगळे एका खोलीत दाटीवाटीने राहत होते. त्यांना मधली भिंत पाडायची असणार, दुसरं काय! एकट्या बाईला उठवायला कितीसा वेळ लागतो? आणि माणसं तरी कुठली, तर होडीत बसल्याशिवाय घरी पोचता येत नाही अशा खाडीतल्या बेटावरची. त्यांचा ठाव कुणाला लागणार!

नाताळ जवळ आला तशी फिलोमिनाने चाळीत दारोदार कागदी चांदण्या टांगल्या. अंबाबाईचं दार तेवढं वगळलं. तिला चांदणी हवी होती असं मुळीच नाही, पण वगळलेलं तिला बरोबर दिसलं. त्याच दिवशी तिने दाराला नवं कुलूप आणलं.

नाताळच्या सकाळी कडी वाजली. दारात फिलोमिना उभी होती, हातात कापडाने झाकलेलं ताट.

"काय पायजे?" अंबाबाईने दार अर्धंच उघडलं.

"मावशी, नेवऱ्या आणल्यात. तुमच्या करंज्यांसारख्याच असतात."

"मला कशाला? आदी घरच्यांना घाला की."

"घरी अजून कुणी तोंडात नाही घातलं." फिलोमिना हळूच म्हणाली. "आमच्या बेटावर ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी त्या वर्षी गोडाचं करत नाहीत. मग नाताळचं पहिलं ताट त्यांच्याकडे जातं. त्या दारावर चांदणी लावत नाहीत, त्या घरच्यांसमोर गाणी म्हणत नाहीत. तुम्ही बाहेर आलात की मी पोरांना दटावते, मावशी आल्या, गप्प बसा."

अंबाबाईचा हात कडीवरून आपोआप खाली आला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमच्यातही तसंच असतं म्हणे," फिलोमिना म्हणाली. "दिवाळीला केवढा फराळ आला असेल ना तुमच्याकडे!"

दिवाळीत अंबाबाई दार उघडं टाकून बसली होती. फराळ ठेवायला फळीवरचे डबे घासून, उन्हात वाळवून ठेवले होते. शेजाऱ्यांना वाटलं भावकीने दिला असेल, भावकीला वाटलं शेजाऱ्यांनी. डबे तसेच पुन्हा फळीवर चढले.

नळावर समीक्षा पाठमोरी उभी होती. कान मात्र इकडेच लागलेले.

"आलेला की," अंबाबाई म्हणाली. "ही आमची समीक्षा हाय ना, हिनंच डबा भरून दिलेला. किती दिस पुरला मला."

तिने ताट आत नेलं. फळीवरचा एक डबा काढून त्यात नेवऱ्या एकेक करून लावल्या. रिकामं ताट कसं द्यायचं म्हणून त्यात मूठभर साखर घातली आणि ताट फिलोमिनाच्या हातात दिलं.

"पोरांना म्हणावं, गा रे. माझ्या म्हाताऱ्याला गाणी लय आवडायची."

नळाखाली कळशी कधीची भरून वाहत होती. समीक्षा तशीच उभी होती.

"नळ बंद कर गं," अंबाबाई म्हणाली. "पाणी वाया चाललंय."