थोरल्याचा वाटा

साहेबांनी हातोडा मारला आणि बाबारावच्या शेतातल्या खडकाचा टवका उडाला. त्यावर बाटलीतलं पाणी ओतून त्यांनी काळे-पांढरे पट्टे दाखवले. साहेब नागपूरकडचे, भूगर्भ खात्यातले. जीप बांधावर उभी होती.

"कोळसा हाये का साहेब?" बाबारावच्या डोक्यात बेल्लमपल्लीच्या खाणी होत्या.

"कोळसा नाही, काहीच नाही. पण अडीचशे कोटी वर्षांचा दगड आहे हा. तव्यावर एक भाकर दुसरीला रेटली की कड वर येते ना? तशा दोन जमिनी सरकत सरकत धडकल्या, इथं डोंगर उठला. डोंगर झिजला, त्याचं हे बूड उरलं."

जीप पाहून सुधाकरराव नाला ओलांडून आला होता. बाबारावचा थोरला भाऊ.

"आन आमची जमीन साहेब?"

"नाल्यापलीकडची काळी? ती लाव्हाची. साडेसहा कोटी वर्षं. याच्यापुढं कालची पोर."

सुधाकरराव हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही.

वाटणीत थोरला म्हणून त्याला देवघर मिळालं होतं, सागवानी कपाट मिळालं होतं आणि ती काळी जमीनही. बाबारावच्या वाट्याला खडकाळ तुकडा आला. त्यात ज्वारीसुद्धा रडतखडत यायची. पलीकडं कापूस फुटला की बाबारावच्या पोटात दुखायचं. हे तो स्वतःशी कबूलही करायचा. शेतात जेवताना तो नाल्याकडं पाठ करून बसे; तरी घास गोड लागत नसे.

इंद्रवेल्लीच्या बाजारात ओळखीपाळखीचे लोक बाबारावला थांबवून दगडाचं विचारू लागले. सुधाकररावासमोरच विचारत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सुधाकरराव पुन्हा नाला ओलांडून आला. बाबारावची बायको रेणुकाबाई शिदोरी सोडत होती.

"बाबा, खडकाची जागा मले दे. नाल्याकाठची काळी पट्टी तू घे."

रेणुकाबाईचा हात शिदोरीच्या गाठीवरच थांबला.

"साहेब तं म्हणले काहीच नाही त्याच्यात," बाबाराव म्हणाला.

"नसन. पण घरातलं जुनं ते थोरल्याकडं राह्यते. देव माह्याकडं हायेत का नाही? मंग हेही माह्याकडंच पाह्यजे."

बाबारावनं काळ्या पट्टीकडं पाहिलं. एवढी वर्षं तिच्यासाठी जीव जळला होता. मग त्यानं भावाच्या तोंडाकडं पाहिलं. तिथली जळजळ त्यानं लगेच ओळखली, ती त्याच्या घरचीच होती.

"नाही दादा. असू द्या माह्याकडंच."

खडकाला हात लावल्यासारखं करून सुधाकरराव निघून गेला.

"येडे झाले का तुमी?" रेणुकाबाईनं शिदोरीची गाठ ओढून सोडली. "हाती आलेली काळी जमीन. काऊन नाही म्हणलं?"

"दादानं नाल्यात उतरताना मांगं वळून खडकाकडं पाह्यलं."

"पाह्यलं मीनं. आता खा तेच."

तिनं भाकर त्याच्यापुढं आदळली. बाबाराव खडकावर नाल्याकडं तोंड करून बसला. पलीकडं कापूस पांढराशुभ्र फुटला होता. त्यानं भाकर संपवली आणि आणखी अर्धी मागून घेतली.