बरणीतली काळी पट्टी

वसाहतीच्या सभागृहात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेले खिडक्यांचे गज धरून बाहेर उभे होते. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या एका पांढऱ्या पेटीवर खिळल्या होत्या. पेटीत निळा दिवा जळत होता, पंखा घरघरत होता आणि शेजारी शुभ्र कपड्यांतले श्वासगुरू डोळे मिटून हवा हुंगत होते.

"मेलेली आहे," ते एकदम म्हणाले.

पुढच्या रांगेतली एक बाई दचकली. "अगं बाई! कोण?"

"हवा, ताई, हवा! तुमच्या घरात हवेचं प्रेत पडलंय आणि तुम्ही ते रोज हुंगता. माझं यंत्र तिच्यात प्राणकण सोडतं. मेलेली हवा उठून बसते!"

"उठून बसली तर भाड्यात वाटा देईल का?" मागून कोणीतरी विचारलं. लोक हसले. गुरूही हसले. थट्टा पचवायची कला त्यांना चांगली अवगत होती.

मग त्यांनी झाकण उघडलं आणि चिमट्याने आतली पट्टी वर काढली. तळहाताएवढी ती पट्टी दोन तासांपूर्वी आमच्यासमोरच आत ठेवली होती, तेव्हा ती दुधासारखी पांढरी होती. आता ती कोळशासारखी काळी होती.

"हे," गुरू हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या लेकरांच्या छातीत जात होतं."

एका कोपऱ्यातून हुंदका आला आणि सगळ्यांनी एकदम यंत्राची मागणी सुरू केली.

आम्ही इतके भोळे कसे, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्याचं उत्तर आमच्या कामात आहे. ही वसाहत कारखान्याच्या कामगारांची. बॉयलरचा धूर लांबलचक कापडी पिशव्यांतून गाळला जातो, काजळी पिशवीत अडकते आणि धूर चिमणीतून बाहेर पडतो. या पिशव्या उतरवून झटकायच्या, हेच काम मी आयुष्यभर केलं. पाळी संपली की झटकण्याआधी आम्ही पिशवी आकड्याला टांगायचो आणि मुकादम ती बघून शेरा द्यायचा. पिशवी जितकी काळी, तितकं काम चोख. पांढरी पिशवी म्हणजे फाटकी पिशवी. हा हिशोब आमच्या हाडांत मुरला होता. त्यामुळे काळी पट्टी दिसली आणि आमचा निवाडा तिथेच झाला. सगळ्यांत जोरात मान डोलावली ती मुकादमाने आणि त्याच्या शेजारी बसून मी.

माझ्या घरी नऊ वर्षांची नात आहे. आम्ही तिला चिमी म्हणतो. तिच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर मी म्हातारपणी अक्षरं गिरवली. चिमीला दमा आहे. मुलगा दूर कामाला आणि सून सकाळीच शिवणखात्यात जाते, म्हणून चिमीला रोजचा औषधाचा पंप द्यायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. त्या पंपावर ती तीन वर्षं धावत होती, भांडत होती, जिने चढत होती.

यंत्र घरी बसवायला गुरू स्वतः आले. पंप बघताच त्यांनी कानाला हात लावले.

"अरेरे! औषधाच्या वाफेचं आणि प्राणकणांचं वैर असतं, काका. एका म्यानात दोघं नांदत नाहीत. पंप बंद. खिडक्या बंद. एकवीस दिवसांत पोरगी हरणासारखी पळेल."

सून दारात उभी होती. "बाबा, डॉक्टरबाईंना आधी विचारूया ना."

"पट्टी बघितलीस ना?" मी म्हणालो. "पिशवी काळी पडते म्हणजे काम चालू आहे. हे मला कोणी शिकवायला नको."

त्या घरात शेवटचा शब्द माझा असायचा.

यंत्र सुरू झालं की खोलीत एक उग्र वास सुटायचा, वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ येतो तसा. गुरू म्हणाले, तो ताज्या हवेचा सुगंध. पाचव्या दिवशी चिमी खोकायला लागली. गुरू म्हणाले, जुनी घाण बाहेर पडतेय, शुभ लक्षण आहे. आठव्या दिवशी तिला सलग एक वाक्य बोलता येईना. मी पट्टी बदलली. ती काळी होती, म्हणून माझं समाधान झालं.

अकराव्या दिवशी दुपारी चिमी जेवता जेवता उठली, टेबलाची कड धरून उभी राहिली आणि खांदे उचलून श्वास ओढायला लागली. तिच्या गळ्याखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. ओठ निळसर होत चालले होते. मी पंप शोधायला धावलो. तो मीच कुठेतरी वर ठेवला होता आणि आता आठवत नव्हता.

रुग्णालयात तिच्या नाकातोंडावर मास्क बसवला आणि तिला आत नेलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"पंप कधीपासून बंद आहे?"

कामावरून धावत आलेली सून माझ्याकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. यंत्र, वास, बंद खिडक्या, एकवीस दिवस.

"तो वास ओझोनचा असावा," बाई म्हणाल्या. "काही यंत्रं तो वायू सोडतात. दम्याच्या छातीला तो झोंबतो. तुम्ही औषध काढून घेतलंत आणि वर खोली बंद करून तिला हे दिलंत."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी कागदावर सही करत होतो, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. टोकं काळीकुट्ट होती.

"हे काय?"

"पट्टीची घाण. तीन दिवसांपूर्वी पट्टी बदलली. साबणाने गेली नाही."

बोललो आणि माझा मीच थबकलो. मी चाळीस वर्षं काजळीत हात घातले होते. नखांत, केसांत, कानांत काजळी जायची. पण साबणाने गेली नाही अशी काजळी मला एकदाही भेटली नव्हती.

"धूळ कातडीवर बसते," बाई म्हणाल्या. "हा डाग कातडीत उतरलाय. चांदीचे काही क्षार असे असतात. पांढऱ्या कापडाला लावले तर दिसत नाहीत. उजेड लागला की काळे पडतात. त्या पेटीत दिवा आहे ना?"

"आहे. निळा."

"मग पट्टी धुळीने काळी होते की दिव्याने, हे तपासायला फार शिक्षण लागत नाही."

दोन दिवसांनी सभागृहात गुरूंचा पुढचा कार्यक्रम होता. चिमी अजून आतच होती. मी पिशवीत काचेची बरणी घेऊन गेलो. या वेळी टेबलावर दोन यंत्रं मांडली होती.

"गुरुजी, माझ्या मनात एक शंका आहे."

"शंका ही श्वासाची गाठ असते, काका. सोडा, सोडा."

"सोडायलाच आलोय. नवी पट्टी मी या बरणीत घालतो. झाकण लावून वर मेण ओततो. हवा आत जाणार नाही. ही बरणी तुमच्या यंत्रात ठेवायची. आणि ते दुसरं यंत्र, त्याचा दिवा काढून ठेवायचा. पंखा चालू, पट्टी उघडी, झाकण बंद. दोन तास थांबायचं."

"यंत्राचा अपमान होतो याने!"

"यंत्राची समजूत मी काढीन," मी म्हणालो. लोक हसले आणि गुरूंना नाही म्हणता येईना.

दोन तासांनी मुकादमानेच दोन्ही झाकणं उघडली. दिवा काढलेल्या यंत्रात दोन तास वारा खाल्लेली पट्टी पांढरी होती. मेणबंद बरणीतली, जिला बाहेरच्या हवेचा स्पर्शही नव्हता, ती कोळशासारखी काळी होती.

"प्राणकणांना काच अडवत नाही!" गुरू ओरडले. "ते घाण खेचून आत घेऊन गेले!"

मी मेण फोडलं, पांढरा रुमाल बरणीत घालून आतली काच चारी बाजूंनी पुसली आणि वर धरला. रुमालाला डाग नव्हता.

"काचेतून घाण आत शिरली आणि काचेला लागली नाही? आणि तिकडे उघडी पट्टी पडली होती, तिच्यावर प्राणकण का रुसले?"

"दिवा नसेल तर ते झोपतात!"

"म्हणजे काम दिव्याचं," पुढच्या रांगेतली ती बाई म्हणाली. "हवेचं नाहीच."

मुकादमाने काळी पट्टी चिमट्याने उचलली. "गड्या," तो मला हळूच म्हणाला, "आपण पिशवी काळी बघायचो, पण ती कशाने काळी झाली हे कधी विचारलं नाही."

पट्टीला क्षार लावलेला, दिवा तो काळा करणारा आणि पेटी खोलल्यावर दिसलेली, वास येण्यासाठी आत ठिणगी पाडणारी तार. एवढाच तो चमत्कार होता. गुरूंना लोकांनी पोलीस येईपर्यंत खोलीत बसवून ठेवलं. तरी चार घरांनी यंत्र टाकलं नाही. त्यांना बरं वाटतं म्हणे.

यंत्र बसवल्यापासून सतराव्या दिवशी चिमी घरी आली. आता जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबते. डॉक्टरबाई म्हणतात, भरून निघायला महिने लागतील आणि सगळं निघेलच असं नाही. पंप सून स्वतः देते. कामावर जाताना पंपाच्या कपाटाला कुलूप लावून जाते आणि किल्ली शेजारणीकडे ठेवते. माझ्याकडे देत नाही. मी मागितलीही नाही.

आता लोक मला विचारतात, काका, मग घरात हवेचं कुठलं यंत्र घ्यावं? डॉक्टरबाईंनी सांगितलं तेच मी सांगतो. दाट गाळणी आणि पंखा, एवढंच असलेलं घ्या. यंत्र खोलीच्या मापाचं हवं. ओझोन सोडणारं नको. बारीक धूळ किती पकडतं, हे कुठे तपासलं ते कागदावर मागा. कागद नसेल तर उठून या. गाळणी वेळेवर बदला. चांगलं यंत्र धूळ कमी करतं, दमा बरा करत नाही. जो कोणी औषध बंद करा म्हणेल, त्याला दाराबाहेर काढा, मग त्याचे कपडे कितीही पांढरे असोत.

आणि डोळ्यांना काही दाखवलं तर विश्वास ठेवण्याआधी एकच विचारा: हेच दुसऱ्या कशाने झालं असेल का? तपासायला बरणी लागते, मेण लागतं आणि दोन तास लागतात. माझ्याकडे तिन्ही होती, पहिल्या दिवसापासून. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.