हूक-अपमधला व्हॉल्व

खरेदीखात्यातला माणूस खुशीत होता. ड्रेन व्हॉल्व एवढे कमी कसे काय लागतायत, म्हणून त्याने सकाळी सकाळी फोन केला होता. कमी लागले तर तुमच्या पोटात का दुखतं, असं मी त्याला ऐकवलं. तोंडाने मी फटकळच आहे. पण फोन ठेवला आणि मनात पाल चुकचुकली, म्हणून सॉफ्टवेअर उघडलं.

माझं काम हूक-अपचं. हूक-अप म्हणजे पाइपला प्रेशर मोजणारं यंत्र कसं जोडायचं त्याचं ड्रॉइंग. नळी कुठून निघते, व्हॉल्व कुठे बसतो, नट कुठला. यंत्रागणिक वेगळं ड्रॉइंग कोण काढत बसणार? एकच काढायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये ढीगभर यंत्रं त्याला जोडून टाकायची. ड्रॉइंगमधली एक रेघ पुसली की सगळीकडची पुसली जाते. सोय आहे खरी, पण ही सोय कधी विचारत नाही की बाई, नक्की ना?

आमच्याकडे पाण्याच्या मोजक्या आणि वाफेच्या कितीतरी यंत्रांना एकच हूक-अप होतं. गेल्या आठवड्यात क्लायंटने कळवलं, पाण्याच्या यंत्रांना ड्रेन व्हॉल्व नको. म्हणजे मूळ ड्रॉइंगची कॉपी काढायची, कॉपीतला व्हॉल्व पुसायचा आणि पाण्याची यंत्रं त्या कॉपीला जोडायची. मी कॉपी काढली, यंत्रंही जोडली. दोन्ही ड्रॉइंग स्क्रीनवर शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारखी. आणि मी व्हॉल्व पुसला तो मूळ ड्रॉइंगमधला. दुखणं रेड्याला, डाग पखालीला! पाण्याला व्हॉल्व तसाच राहिला, वाफेचा गेला. नवीन रिव्हिजन म्हणून ते साइटवर पोचलं, आणि साइटचा नियम असा की नवीन आली की जुनी फाडून टाकायची.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. वाफेच्या नळीत घाण साचते. यंत्र चालू करण्याआधी ड्रेन व्हॉल्व उघडून ती बाहेर सोडायची असते. व्हॉल्व नसेल तर माणूस नट सैल करणार, आणि नटामागे कोंडलेली वाफ असणार. आज बॉयलरची पहिली वाफ लाइनमध्ये सोडणार होते. आणि तिथे यंत्रं जोडणाऱ्या फिटरांत माझा धाकटा भाऊ होता.

त्याचा फोन लागेना. कसा लागणार, साइटवर मोबाइल गेटवर जमा करतात. कामाचा नाही काही नाही, असला फोन तरी कशाला बाळगायचा, असं काहीतरी मी एकटीच बडबडले. मग साइटच्या ऑफिसात ड्रॉइंग वाटणाऱ्याला गाठलं. त्याने शांतपणे सांगितलं की कागद सगळे फिटरांच्या हातात गेलेत आणि होल्ड, म्हणजे काम थांबवायचा हुकूम, आल्याशिवाय तो कुणालाही थांबवू शकत नाही. मी म्हटलं, अहो, माणूस भाजेल. तो म्हणाला, मॅडम, म्हणूनच तर म्हणतोय, होल्ड पाठवा.

होल्डला साहेबांची मंजुरी लागते. साहेब क्लायंटबरोबर मीटिंगमध्ये होते. मी दार न वाजवता आत गेले आणि त्यांना बाहेर बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिडले नाहीत, हे त्याहून वाईट. गुपचूप दुरुस्त रिव्हिजन काढ, दुपारपर्यंत पाठवून देऊ, होल्ड म्हटलं की काम बंद आणि चौकशी सुरू, असं त्यांचं म्हणणं. माझा भाऊ तिथे आहे हेही मी सांगितलं. मग तर घाबरू नकोस, म्हणाले, तुझा भाऊ हुशार आहे.

"साहेब, तो हुशार आहे, पण ऐकणारा आहे. ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच करायचं, आपली अक्कल पाजळायची नाही, हे मीच त्याच्याकडून घोकून घेतलंय."

साहेबांनी एकदा मीटिंगच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्या टेबलाशी आले, उभ्या उभ्या पासवर्ड टाकला आणि होल्ड मंजूर केला. ड्रॉइंगवर लाल पट्टी आली. साइटवरून कळलं की माणूस मोटरसायकलवर बॉयलरकडे निघालाय.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच जास्त जड गेलं. जीव नुसता टांगणीला. मध्येच आईचा फोन. धाकटा आज डबा विसरलाय, त्याला सांग कँटीनमध्ये नीट जेव, नाहीतर चहावरच राहील. सांगते, मी म्हणाले. एरवी मी आईशी बिनदिक्कत खोटं बोलते, पण त्या एका शब्दानंतर मी फोनच ठेवला. मग मी कॉपीतला व्हॉल्व पुसला, मूळ ड्रॉइंगमध्ये परत काढला, पुन्हा पुन्हा तपासला. आता तपासून कुणाचं भलं होणार होतं?

अनोळखी नंबरवरून फोन आला तेव्हा पलीकडे धाकटाच होता, हॉस्पिटलमधून. त्याचा आवाज ऐकला आणि मी खुर्चीत बसले. मोटरसायकलवाला पोचायच्या आतच एक नट सैल झाला होता, म्हणाला. त्याच्या जोडीदाराने केला होता. लग्नाला वर्षही झालेलं नाही म्हणून सगळे ज्याला जावईबापू म्हणतात, तो. हात भाजलाय, चेहऱ्याची एक बाजू भाजलीय. डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

"आणि तू?"

"मी पलीकडच्या नळीवर होतो. मला काही नाही झालं."

"बरं झालं," मी म्हणाले. "बरं झालं रे बाबा."

मी काय बोलून बसले ते मग माझ्या कानावर पडलं. शरमेने माझे कान तापले, पण शब्द तोंडातून गेले होते आणि ते खरेही होते.

"ताई," तो म्हणाला, "त्याला व्हॉल्व दिसेना. त्याने मला विचारलं होतं, इथे व्हॉल्व नको का? मी त्याला ड्रॉइंग दाखवलं. म्हटलं, माझ्या ताईच्या हातचं आहे, चुकायचं नाही."

साहेब टेबलापाशी येऊन उभे होते, त्यांना मी हाताने थांबवलं.

"त्याच्या बायकोला हॉस्पिटलमध्ये आणलंय," धाकटा म्हणाला. "कसं झालं म्हणून सारखी मलाच विचारतेय. तिला काय सांगू, ते तूच सांग."

"तू काही सांगू नकोस," मी म्हणाले. "मी येतेय. मी सांगते तिला."