पोटरीतला ठणका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा पाय लिफ्टच्याच फटीत सापडला आणि नडगीचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जननी आत सळई घालून हाड जोडलं. शेवटचा टाका पडला तशा भूल देणाऱ्या डॉक्टरबाई भरलेली सिरिंज घेऊन पुढे आल्या. गुडघ्यामागची नस बधिर करायची, म्हणजे माणूस जागा झाला तरी पाय शांत राहतो.

मेकॅनिकच्या बायकोला त्यांनी तसं कबूल केलं होतं. ती म्हणाली होती, "माझ्या ताईचा गुडघा केला तेव्हा तुम्हीच नस बधिर केली होती. ताई दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालली. यांनाही तसंच करा हो. दाढी करताना कापलं तरी घर डोक्यावर घेतात हे."

"करते की," बाई हसून म्हणाल्या होत्या.

जागा पुसायला बाईंनी पाय उचलला आणि त्यांचा हात पोटरीवरच थबकला. सूज असणार हे ठाऊक होतं, पण ही पोटरी लाकडाच्या ओंडक्यासारखी लागत होती. आतली सूज वाढत गेली तर स्नायूंचं रक्त कोंडतं, आणि काही तासांत पाय गमवायची वेळ येते. त्याची पहिली वर्दी देतो तो ठणका. तोच बधिर केला तर कळणार कसं?

"सर, मी नस बधिर करत नाही."

सर्जननी पोटरी दाबून पाहिली. "एवढी सूज असतेच. द्या, उगाच शंका कशाला काढताय? शुद्धीवर आला की बोंबलेल तो."

"बोंबलू दे," बाई म्हणाल्या आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

मेकॅनिक खरंच बोंबलला. शिरेतून वेदनाशामक औषध दिलं, तासाभराने आणखी दिलं. त्याने पलंगाची कड धरून दात आवळले. बायको दाराशी आडवी आली.

"शब्द दिला होता तुम्ही!"

"दिला होता. पण आत्ता पाय पूर्ण बधिर केला तर आत काही बिघडतंय का, ते मला कळणार नाही."

"म्हणजे बिघडेपर्यंत त्यांनी तळमळायचं? तुमच्या घरचं माणूस असतं तर?"

आपली शंका खोटी निघाली तर? एका माणसाला विनाकारण छळल्यासारखं होईल. बायकोच्या ताईला आराम त्यांनीच दिला होता; याच्या बाबतीत हात आखडला तोही त्यांनीच. मन खात होतं, पण पाय निघत नव्हता. दर अर्ध्या तासाने त्या येत, पोटरी चाचपत, स्नायू ताणला की कळ वाढते का ते पाहायला पायाचा अंगठा हलकेच वर वाकवत.

दुपारी एक वाजता तो म्हणाला, "दुखतंय, पण सोसतंय."

दोन वाजता अंगठ्याला हात लागताच तो किंचाळला. तेवढ्याच औषधाने मघाशी डोळा लागला होता, आता ते पाणी टोचल्यासारखं वाया गेलं होतं. दाब कमी व्हावा म्हणून बाईंनी पायावरच्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत कापायला लावल्या. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. ठणका तसूभर कमी झाला नाही. "बोटांना मुंग्या येतायत," तो पुटपुटला.

सर्जन दुसऱ्या ऑपरेशनला उभे राहणार होते. बाईंनी फोन लावला. "सर, आत्ताच्या आत्ता या."

ते आले. पोटरी दाबली, अंगठा वाकवला आणि चेहरा उतरला. "थिएटर तयार ठेवा. याला आधी घ्या."

पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब छेद दिले तेव्हा कोंडलेले स्नायू फुगून बाहेर आले, काळपट. बाई डोक्याशी उभ्या होत्या. मिनिट गेलं, दोन गेली. मग कडेकडेने लाली चढू लागली. सर्जननी चिमट्याने स्पर्श केला तसा स्नायू थरथरला.

"जिवंत आहे," ते म्हणाले. मग बाईंकडे न बघता, "तुम्ही नस बधिर केली असती तर मी रात्रीपर्यंत गाफील राहिलो असतो."

चौथ्या दिवशी उघडी ठेवलेली जखम शिवायला घेतली. सूज उतरली होती, पोटरी मऊ होती. या वेळी बाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर नस शोधली आणि तिच्याजवळ बारीक नळी सोडली. थेंबथेंब औषध जात राहिलं, इतकंच की ठणका बसावा, पण बोटं हलावीत. दुसऱ्या सकाळी व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट आली तेव्हा मेकॅनिकने घोटा वर-खाली केला आणि स्वतःच मोजलं, "अकरा. बारा. अजून करू?"

बायको बाईंच्या मागोमाग बाहेर आली.

"त्या दिवशी मी वाटेल ते बोलले."

"बोललात ते बरोबरच होतं. तुमचं माणूस तळमळत होतं."

"पण ते पाच तास मी विसरणार नाही हं, डॉक्टर. राग गेलाय, तरी नाही विसरणार."

"मीही नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचा कागद हातात घेतला.